स्पिती : नुसते रस्ते बघून परत येऊ नका, ताबोत मुक्काम करा

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जाऊन आलो. आपल्याकडचे बरेच लोक स्पिती म्हणजे बाईक, रील आणि हिक्कीम या उंचावरच्या गावच्या पोस्टातून घरी पाठवलेलं पत्र एवढंच धरून चालतात. त्यात वाईट काही नाही, पत्र आम्हीपण टाकलंच, पण तिथली खरी श्रीमंती त्या मातीच्या गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांमध्ये आहे आणि तिकडे माणसं अर्ध्या तासात उरकून पळतात.

आधी रूट. पहिल्यांदा जाताय तर शिमला-किन्नौर बाजूने वर चढा, मनालीकडून नको. मनालीहून गेलात तर लगेच कुंझुमचा ४५५१ मीटरचा पास लागतो आणि डोकं धरून बसायची वेळ येते. किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते, कल्पा, मग नाको, मग ताबो (३२८० मीटर), स्पितीचं मुख्य गाव काझा त्याच्यानंतर, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, ग्रुपमधल्या काकांना नको. भारतीयांना परमिट लागत नाही पण ओळखपत्र जवळ असू द्या. गाडी नसेल तर रेकाँग पिओहून काझाची सरकारी बस आहे, खिळखिळी, पण ड्रायव्हर लोकांना मानलं पाहिजे.

सुमदोच्या पुढे ग्यू गावाचा फाटा लागतो, तिथे बसलेल्या अवस्थेतली एका लामांची ममी आहे, साधारण ५०० वर्षं जुनी. १९७५ च्या भूकंपात ती समाधी उघडी पडली म्हणतात. काचेमागे आहे, दात अजून दिसतात. फाट्यावरून थोडं आत जावं लागतं, पण बघून घ्या.

आता ताबोचा गोंपा. बाहेरून बघाल तर अगदीच साधं, मातीच्या बुटक्या भिंती, आमच्यातला एकजण म्हणाला हे काय गोडाऊन आहे का. स्थापना ९९६ ची, म्हणजे आपल्याकडे शिलाहारांचं राज्य चालू होतं तेव्हाची. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ आणि लोचावा (भाषांतरकार) रिंचेन झांगपो ही नावं इथे सगळीकडे ऐकू येतात. मुख्य दुखांगमध्ये (प्रार्थनेच्या दालनात) शिरलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, मिट्ट काळोख, घाई करू नका, डोळे सरावू द्या. मग हळूहळू भिंतीतून बाहेर आलेल्या मातीच्या तीसेक मूर्ती दिसायला लागतात, डोक्याच्याही वर, जमिनीला न टेकता बसलेल्या, आणि मध्ये चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. मूर्तींच्या खाली भिंतभर चित्रं, एका बाजूला ज्ञानाच्या शोधात निघालेल्या सुधनाची यात्रा, दुसरीकडे बुद्धाचं आयुष्य. हे सगळं मातीचं, आणि हजार वर्षं टिकलंय ते पाऊस जवळपास नसतो म्हणून. हल्ली तिकडेही पाऊस पडायला लागलाय म्हणे, त्याचीच भीती आहे.

आत फोटो चालत नाही, फोन खिशात ठेवा. छोटी टॉर्च मात्र न्याच, मोबाईलचा फ्लॅश मारत फिरू नका. काझाहून डे-ट्रिप करण्यापेक्षा ताबोतच राहा, म्हणजे सकाळची प्रार्थना ऐकून, गाड्या यायच्या आत निवांत बघता येतं. गावाच्या वर डोंगरात ध्यानाच्या गुहा आहेत, संध्याकाळी तिकडे जा.

धनकर स्पितीची जुनी राजधानी, सुटत चाललेल्या कड्यावर लटकल्यासारखं बांधलंय, २००६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होतं. जुन्या गोंपात गर्दी करून धावपळ करू नका. खाली पिन आणि स्पितीचा संगम दिसतो. तिथून ल्हालुंग गावचं देऊळ नक्की करा, बहुतेक टूरवाले गाळतात. देऊळ कुलूपबंद असेल तर गावात विचारायचं, किल्ली घेऊन कोणीतरी येतं. आतल्या सोनेरी मूर्ती बघून आमची बडबड आपोआप थांबली. मला विचाराल तर ‘की’ नावाच्या प्रसिद्ध गोंपापेक्षा हे सरस. ‘की’ (४१६६ मीटर) लांबून फोटोत जास्त भारी दिसतं, आत काळा चहा मिळाला तर प्या.

गोंपाची प्रदक्षिणा डावीकडून, म्हणजे आपल्यासारखीच, आणि दानपेटीत थोडं टाका, डागडुजीला पैसा लागतोच.

बाकी कॅश भरपूर ठेवा, एटीएमच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलची टाकी काझात फुल करा. मनालीमार्गे उतरायचं तर कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो, निघायच्या आदल्या संध्याकाळी काझात टॅक्सीवाल्यांना विचारा, रस्त्याची खबर त्यांनाच पक्की असते.