हिरो पॉइंटचा हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. आमची कॅम्पेन, म्हणजे कित्येक बैठकांची सलग गोष्ट, पाचव्या लेव्हलला पोहोचली तेव्हा खेळ चालवणारा डीएम म्हणून मी टेबलवर हिरो पॉइंट आणायचं ठरवलं: खर्च केला की खेळाडूचा रोल सुधारतो असे पॉइंट. खेळाच्या २०१४ च्या नियमांत ‘इन्स्पिरेशन’ (चांगल्या खेळाबद्दल डीएमने द्यायचं तसलंच बक्षीस) होतंच, पण असून नसल्यासारखं. एका वेळी एकच ठेवता येतं, आणि डीएमला आठवलं तर मिळतं. लढाईत सहा राक्षसांचे हिट पॉइंट (किती जीव उरलाय तो आकडा) सांभाळणाऱ्या माणसाला ते आठवत नाही. आठवलं तरी ते जातं बोलघेवड्या खेळाडूकडे, कारण छान संवाद त्याचाच झालेला असतो. गप्प बसून अचूक खेळणारी आमची रेंजर (फायटर, बार्ड, विझार्ड तसा हा एक पात्रप्रकार) महिनोन्‌महिने कोरडीच होती.

त्याच आवृत्तीच्या डीएम गाइडमध्ये हिरो पॉइंटचा एक ऐच्छिक नियम आहे. प्रत्येक लेव्हलला पाच अधिक तुमच्या लेव्हलच्या निम्मे इतके पॉइंट मिळतात. एक खर्च केला की डी-२० च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) रोलमध्ये एका डी-६ चा (सहा बाजूंच्या फाशाचा) आकडा मिळवता येतो. नवी लेव्हल आली की जुने उरलेले बाद. आधी तोच जसाच्या तसा लावला. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. लेव्हल चढल्यावर पुढची कितीतरी सेशन (खेळाच्या बैठका) कुणी एकही पॉइंट काढेना, ‘बॉससाठी ठेवलाय’ म्हणत. आणि पुढची लेव्हल जवळ आल्याचा वास लागला, की दरवाजाची कडी काढायलाही डी-६ पडायला लागले. पाच-सात हा आकडा किती मोठा, हा प्रश्नच नव्हता. तो किती दिवसांत पसरायचा हे टेबलवर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणी हात सैल सोडत नव्हतं.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत ही गोष्ट सरळ सोडवलीय. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला एक पॉइंट, जास्तीत जास्त तीन, आणि सेशन संपलं की उरलेले गेले. सॅव्हेज वर्ल्ड्स या आणखी एका खेळाचे ‘बेनी’ नावाचे पॉइंटसुद्धा सेशनला तीन मिळतात आणि पुढे नेता येत नाहीत. मी हा सेशनचा हिशेब उचलला: एकाने सुरुवात, कमाल तीन, शिल्लक शून्य. कंजुषी आपोआप कमी झाली.

आता पॉइंट करतो काय, हे ठरवायचं होतं. सगळ्यांना हवा होता रीरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकणं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा हल्ला लागायला फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे शक्यता ६५ टक्के. रोल करायच्या आधीच पॉइंट टाकून दोन फासे टाकले आणि चांगला धरला, तर शक्यता होते ८७.७५ टक्के. फायदा जवळपास २३ टक्क्यांचा. पण हल्ला चुकल्याचं कळल्यावर पॉइंट टाकला, तर त्या एका पॉइंटला यशाची शक्यता पूर्ण ६५ टक्के. फासे तेच, तरी पॉइंटची किंमत तिपटीच्या जवळ जाते, कारण आधी टाकलेले बरेचसे पॉइंट तसंही लागणाऱ्या हल्ल्यांवर वाया जातात. ‘रीरोल मिळेल’ एवढंच लिहिलेले घरगुती नियम वाचताना मी आता आधी हेच शोधतो: कधी? निकाल कळायच्या आधी की नंतर?

रीरोलची दुसरी खोड अशी, की तो ज्याचं आधीच बरं चाललंय त्यालाच जास्त देतो. १७ लागणाऱ्याला नंतरच्या रीरोलने २० टक्के मिळतात, ८ लागणाऱ्याला ६५. शिवाय फायटरला नवव्या लेव्हलला ‘इन्डॉमिटेबल’ मिळतं, ते म्हणजे फसलेला सेव्हिंग थ्रो (जादू किंवा धोक्यातून वाचायचा रोल, थोडक्यात सेव्ह) दिवसातून एकदा पुन्हा टाकणं. जे कमवायला फायटरला नऊ लेव्हल घासावं लागतं, ते मी सगळ्यांना दर सेशनला फुकट वाटणार होतो. म्हणून रीरोल बाद केला आणि डी-६ ठेवला: स्वतःचा फासा पाहिल्यावर, पण मी निकाल सांगायच्या आत टाकायचा. त्याची सरासरी साडेतीन. डी-२० वर एक म्हणजे ५ टक्के, त्यामुळे मधल्या पट्ट्यात कुणालाही साधारण साडेसतरा टक्क्यांचा हात मिळतो. शिवाय खरा विचार करावा लागतो. शत्रूचं आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) दोन फेऱ्यांत अंदाजाने कळतंच. एक-दोनने चुकलं असेल तर टाका, सात-आठने चुकलं असेल तर गप्प बसा. रीरोलच्या वेळी होणारा आरडाओरडा गेला, हे खरं. मला ते चाललं.

इथे आमच्या बार्डने तोंड उघडलं. ‘मग माझं काम काय?’ तिचं म्हणणं बिनतोड होतं. दुसऱ्याच्या रोलला फासा जोडणं हा बार्डचा पहिल्या लेव्हलपासूनचा धंदा. पाचव्या लेव्हलला तो डी-८ होतो, पण आता प्रत्येकाच्या खिशात तिचीच नक्कल. बऱ्याच घासाघिशीनंतर दोन गोष्टी ठरल्या. एका रोलवर बार्डचा फासा आणि हिरो पॉइंट दोन्ही चालणार नाहीत. आणि स्वतःचा हिरो पॉइंट दुसऱ्यावर खर्च करायची मुभा फक्त बार्डला.

विझार्डचा प्रश्न वेगळा. तो बहुतेक वेळा स्वतः फासा टाकतच नाही, शत्रूला टाकायला लावतो. मग पॉइंट कुठे वापरणार? शत्रूला सेव्ह पुन्हा टाकायला लावावं, असं त्याने सुचवलं. मी मोजमाप म्हणून सॉर्सरर या दुसऱ्या जादूगार पात्रप्रकाराकडे पाहिलं. २०१४ च्या नियमांत ‘हाइटन्ड स्पेल’ने एका शत्रूच्या पहिल्या सेव्हला (दोन फाशांतला वाईट धरायला लावणारं) डिसअ‍ॅडव्हान्टेज द्यायला तीन सॉर्सरी पॉइंट पडतात, आणि पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररकडे एकूण असतात पाच. त्याच तोलाची गोष्ट एका हिरो पॉइंटला देणं म्हणजे लूट. शेवटी शत्रूच्या सेव्हमधून डी-४ वजा, इतकंच दिलं. गंमत म्हणजे विझार्डने तेही फारसं वापरलं नाही. मार खाल्ल्यावर कॉन्सन्ट्रेशन (चालू जादू धरून ठेवणारं लक्ष) टिकवायचा सेव्ह हा त्याचा स्वतःचा डी-२० आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि सगळे पॉइंट तिकडेच वळले. एकदा लागलेला ‘होल्ड पर्सन’ (शत्रूला जागीच खिळवणारी जादू) आणखी एक फेरी टिकणं हे कुठल्याही हल्ल्यापेक्षा भारी पडतं.

सेशनच्या मध्ये पॉइंट कमवायचे कसे, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२२ च्या चाचणी मसुद्यांत आधी २० पडल्यावर आणि नंतर १ पडल्यावर इन्स्पिरेशन मिळत होतं. २०२४ च्या पुस्तकात दोन्हींपैकी काही उरलं नाही. टेबलवर करून पाहिलं की कारण दिसतं: जो जास्त फासे टाकतो तो जास्त कमावतो. फायटर एका टर्नमध्ये दोन हल्ले करतो, अ‍ॅक्शन सर्ज (त्याच टर्नला जादा कृती) लावलं तर चार. विझार्ड फायरबॉल टाकून हात झटकतो. स्टार वॉर्सच्या खेळांतली डेस्टिनी पूलची युक्तीही आणून पाहिली, ज्यात खेळाडूंनी वापरलेला टोकन उलटून डीएमकडे जातो. कागदावर ती देखणी आहे. आमच्याकडे मात्र माझ्या हातात काही जाऊ नये म्हणून लोकांनी खर्चच थांबवला.

शेवटी टिकल्या दोन वाटा. एक फेट या खेळाच्या ‘कंपेल’वरून: तुमच्या कॅरेक्टरच्या स्वभावामुळे ओढवणारी अडचण तुम्ही मान्य केलीत, तर एक पॉइंट. दुसरी म्हणजे मध्यंतरात खेळाडूंनीच एकमेकांपैकी एकाचं नाव सुचवायचं, डीएमने नाही. रेंजरचं नाव पहिल्याच वेळी आलं. तिने काय काय केलं होतं हे त्यांना माझ्यापेक्षा बरंच जास्त आठवत होतं.

मृत्यू टाळण्याचा उपयोग मी मुद्दाम या पॉइंटपासून तोडला. पाथफाइंडरमध्ये सगळे पॉइंट एकदम टाकून मरण चुकवता येतं. तो पर्याय असला की शहाणा खेळाडू शेवटचा पॉइंट कधीच सोडत नाही, आणि तीनची मर्यादा व्यवहारात दोनवर येते.

राक्षसांचं बळ वाढवायचं का, हे अनेकांनी विचारलं. मी वाढवलं नाही. चौघांच्या गटात एका लढाईत या पॉइंटमुळे फार तर दोन-एक चुकलेले हल्ले लागतात. त्याची भरपाई म्हणून सगळ्या शत्रूंचं आर्मर क्लास दोनने चढवलं, तर पॉइंट हा हिरोपणा उरत नाही, वेळेवर भरायचा कर होतो. फार तर एखादा किरकोळ शत्रू जास्त ठेवतो.

अकराव्या लेव्हलला फायटरचे तीन हल्ले होतील, तेव्हा डी-४ वरचा विझार्ड पुन्हा कुरकुरेल असं दिसतंय. तोवर हा नियम असाच चालू आहे.