शहापूरचं ऑफिस आणि 'वरचे तुमचे' : आमची वाटचाल

२००९ साली आम्ही बेळगावच्या शहापूर भागात जागा खरेदी-विक्रीचं ऑफिस उघडलं, तेव्हा इथं एजंट म्हटलं की लोक चार हात लांब राहायचे. त्याला कारणही होतं. घर एकच, पण चार एजंटांचे चार भाव. मालकाला विचारलं तर तो म्हणायचा, "माझ्या हातात एवढे पडू देत, वरचे तुमचे." सगळी गडबड त्या वरच्या पैशात असते. घेणाऱ्याला खरा भाव कळत नाही, आपलं घर कितीला गेलं याचा विकणाऱ्याला पत्ता नसतो, आणि मधला माणूस दोघांपासूनही लपवत राहतो.

तसले व्यवहार आम्ही पहिल्यापासून घेतले नाहीत. दलाली टक्क्यात, दोन्ही पार्टींसमोर ठरलेली आणि कागदावर लिहिलेली. यामुळे सुरुवातीला बरेच मालक दुसरीकडे गेले. टिळकवाडी-भाग्यनगरच्या भाड्याच्या खोल्यांवर ऑफिस कसंबसं तगलं. पण एकदा व्यवहार केलेली माणसं भावाला, मेहुण्याला घेऊन परत येऊ लागली, आणि तिथून जम बसला.

त्याआधी मी एका बाँड रायटरकडे, म्हणजे खरेदीपत्रं लिहून देणाऱ्याकडे, कामाला होतो. कागद वाचायची सवय तिथली, आणि आजही आमचा धंदा त्याच सवयीवर उभा आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुनी खरेदीपत्रं मराठीत, काही तर मोडी लिपीत. त्यानंतरचं हळूहळू सगळं कन्नडमध्ये. शहरातल्या घराला सिटी सर्व्हेचा उतारा, शेताला पहाणी (कर्नाटकातला सातबारा), पंचायत हद्दीतल्या घराला नमुना ९ आणि ११. येळ्ळूर, कंग्राळी, उचगावकडची आपली माणसं बाजारात कन्नड छान बोलतात, पण पहाणीतलं सरकारी कन्नड अनेकांना उमगत नाही. ते न उमगताच संचकार (इसार) दिला जातो.

म्हणून आमच्याकडे संचकाराआधी पार्टीला बसवून कागद ओळीओळीनं मराठीत वाचून दाखवतो. सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, मालकाचं नाव आणि ते कशानं लागलं. पहाणीच्या अकराव्या रकान्यावर बोट ठेवून थांबतो, कारण सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज तिथं दिसतं. जमीन कुळकायद्यातली असेल तर विक्रीवर बंधन आहे का, हेही तेव्हाच बघतो. मग ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला. जुन्या वर्षांचा ईसी ऑनलाइन मिळाला नाही तर सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करतो. यात दिवस जातात. घाई असलेली पार्टी चिडते, पण इथं आम्ही हटत नाही.

आता तुमच्या बाजूचं सांगतो. एजंटशी संबंध चांगला राहावा असं वाटत असेल तर घरातली अडचण पहिल्या भेटीत सांगा. वडगावातलं एक घर आमच्याकडे विकायला आलं. पुढच्या खोलीत अजून माग उभा होता, उताऱ्यावर वारलेल्या वडिलांचं नाव. थोरल्या भावानं चहा येण्याआधीच सांगितलं, "बहीण इचलकरंजीला असते, आमचं बोलणं नाही." हे लपवलं असतं तर व्यवहार खरेदीच्या दिवशी फुटला असता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आम्ही आधी वारसा लावून घेतला आणि मग इचलकरंजीला जाऊन त्या ताईंना भेटलो. त्यांची अट एकच होती : हिस्सा भावाच्या हातून नको, माझ्या नावाच्या डीडीनं हवा. संचकार पत्रातच ते घातलं. खरेदीपत्रावर त्यांनी विकणारी म्हणून सही केली. त्या दिवशी भावंडं एकाच रिक्षातून आली होती.

घेणाऱ्यांनीही पैसा कुठून येणार ते मोकळेपणानं सांगावं. एक निवृत्त सुभेदार साहेब गावाबाहेर बाँडवरचे दोन गुंठे घ्यायला निघाले होते. बिगरशेती नाही, ले-आऊट मंजूर नाही, नुसता स्टॅम्प पेपर. बांधकामाला बँकेचं कर्ज काढणार हे त्यांनी सांगितलं म्हणून आम्हाला तिथंच अडवता आलं. असल्या जागेवर बँक कर्ज देत नाही. "सगळेच घेतायत की हो," असं ते म्हणाले खरे, पण थांबले. पुढं त्यांनी बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर ले-आऊटमधली लहान साईट, म्हणजे प्लॉट, घेतली.

रोखीचा आग्रहही धरू नका. २० हजार किंवा त्याहून जास्त संचकार रोख घेणं २०१५ पासून कायद्यानं बंद आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. पैसे बँकेतून गेले की उद्या भांडण झालं तरी पुरावा राहतो. रेरा हा घर-प्लॉटच्या प्रकल्पांचा कायदा आल्यावर आम्ही एजंट म्हणून नोंदणी केली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट दाखवणाऱ्या कुठल्याही एजंटला, आम्हालासुद्धा, नोंदणी नंबर विचारा. चांगल्या एजंटला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. जागा आम्ही दाखवायची, कागद आम्ही तपासायचे, आणि पार्टीनं मागच्या दारानं मालकाला गाठायचं. हल्ली जागा दाखवली की तारखेसह चिठ्ठीवर सही घेतो. कुणाला अवघडल्यासारखं होतं, पण नंतरचा वाद टळतो. भाव पटत नसेल तर आमच्या तोंडावर सांगा, आम्ही मालकाशी बोलतो. ते आमचं कामच आहे.

आता मुलगी ऑफिसात असते. कावेरी या सरकारी नोंदणी पोर्टलवरचे अर्ज, ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) सगळं ती बघते. शनिवारी सकाळी मी कागद वाचायला बसतो. जागा आमच्यामार्फत घेत नसलात तरी या, त्याचे पैसे नाहीत. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स पुरे.