गिटारची घरघर आणि बिल्डिंगचं अर्थिंग

सुटे भाग आणून घरी इलेक्ट्रिक गिटार जोडायची असेल तर सगळ्यात आधी एक मल्टिमीटर घ्या, आणि तो गिटारला लावायच्या आधी भिंतीतल्या थ्री-पिनला लावा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर गिटारच्या ब्रिजखालची (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या धातूच्या भागाखालची) वायर इतक्यांदा उखडली गेली नसती, आणि सोसायटीच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांशी आज माझं धड बोलणं असतं.

गिटार टेलिकास्टरच्या धाटणीची आहे. पहिल्यांदा जोडणाऱ्याने हीच घ्यावी, यावर मी हटून बसणारा माणूस आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने ही रचना १९५०च्या सुमारास बाजारात आणली, आणि तिच्यात रेडिओवाल्याचं डोकं जागोजागी दिसतं. नेक, म्हणजे गिटारचा दांडा, चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला. स्विच, व्हॉल्यूम आणि टोन एकाच धातूच्या पट्टीवर. पट्टीचे दोन स्क्रू काढले की सगळा संसार हातात. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नव्हती. माझंही वादन बेताचंच, त्यामुळे सोल्डरिंग करताना ही गोष्ट मला फार धीर द्यायची.

बॉडी एकाकडून घेतली, नेक दुसऱ्याकडून, पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) ऑनलाइन. पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), कपॅसिटर, वायर, सोल्डर हे सगळं पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. तिथे ‘गिटारचे पॉट द्या’ म्हणू नका, दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. ‘२५० के, लॉग, लिनियर नको’ असं म्हणा. २५० के नसेल तर २२० के चालतो, कानाला फरक कळत नाही. मात्र नॉब खिशात घेऊन जा, कारण तिथल्या पॉटची दांडी आणि बाहेरून मागवलेला नॉब यांचं जमेलच असं नाही. नेक आणि बॉडी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेताना नेकच्या बुडाची रुंदी विचारायची. या धाटणीत ती साधारण ५६ मिलिमीटर असते. बॉडीवर ब्रिजची भोकं आधीच पाडलेली असली तरी नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) ते बारावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) हे अंतर मोजायचं (३२४ मिलिमीटर) आणि नटपासून त्याच्या दुप्पट अंतरावर ब्रिजची सॅडल, म्हणजे तारा टेकायचे तुकडे, येतात का ते बघायचं. माझी आली. जोडणीबद्दल यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुतासारखं सरळ गेलं.

मग अँप्लिफायर लावला आणि घूंऽऽ. सिंगल कॉइल पिकअप थोडा घुमतोच, ते मला माहीत होतं. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ते घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण उचलणारच. पण ही गुणगुण नव्हती, जुन्या पाणबुडी पंपासारखी घरघर होती. आणि एक गोष्ट उलटीच होती. एरवी तारांना हात लावला की आवाज कमी होतो, कारण तारा ब्रिजमार्गे अँपच्या ग्राउंडला, आणि तिथून प्लगच्या वरच्या पिनमार्गे भिंतीतल्या अर्थला जोडलेल्या असतात. माझी घरघर हात लावला की वाढायची. अनवाणी फरशीवर उभं राहिलं तर बोटांना बारीक मुंग्याही यायच्या.

ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, सोल्डरिंग नीट नसेल. म्हणून मी सगळं उसवलं. पॉटच्या पाठीवर २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही, सोल्डर वर नुसतं मोत्यासारखं बसतं. ६० वॅटची आणली. पोकळ्यांना आतून तांब्याची टेप लावली, टेपच्या जोडांवर सोल्डरचे थेंब टाकले. ब्रिजखालची वायर नवी घातली. जॅकच्या बाहेरच्या कडीपासून ब्रिजपर्यंत, ब्रिजपासून पॉटपर्यंत, पॉटपासून टेपपर्यंत मल्टिमीटर सगळीकडे इमानदारीत बीप द्यायचा. घरघर जशीच्या तशी. तरी लोक म्हणणार, सोल्डरिंग बघ. (सोल्डरिंग उत्तम होतं. अजूनही तेच आहे.)

शेवटी वैतागून गिटार आणि अँप उचलून सिंहगड रोडला मित्राच्या नव्या फ्लॅटवर नेले. तिथे शांत. पिकअपची आपली नेहमीची हलकी गुणगुण, तारांना हात लावला की तीही अर्ध्यावर. घरी परत येऊन बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या हेडफोन अँपला लावली, इथेही शांत. म्हणजे गिटार निर्दोष, अँप निर्दोष. उरली भिंत.

थ्री-पिन सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. माझ्याकडे फेज ते अर्थ दीडशेच्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ ऐंशीच्या वर. म्हणजे वरचं जाडं भोक जमिनीला जोडलेलंच नव्हतं, नुसतं हवेत लटकत होतं. हे मोजमाप सवय नसेल तर स्वतः करू नका, वायरमनला बोलवा आणि तो करताना शेजारी उभे राहा.

वायरमन आला. त्याने टेस्टर लावला, मान हलवली आणि म्हणाला, “साहेब, न्यूट्रलवरून अर्थला एक लूप मारून देतो. पाच मिनिटांचं काम.”

हा लूप कधीही मारून घेऊ नका. एरवी सगळं ठीक वाटतं, घरघरही जाते. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला की उपकरणाच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. फ्रिजच्या दाराला माणूस क्षणभर हात लावतो, गिटारच्या तारा तो मुठीत धरून बसतो. दुसऱ्या एकाने नळाच्या पाइपला वायर बांधायला सुचवलं. बिल्डिंगमधले निम्मे पाइप आता प्लॅस्टिकचे झालेत, आणि उरलेल्या लोखंडी पाइपांखाली कुणीतरी अंघोळ करत असतं. तिसरा सल्ला अँपच्या प्लगची वरची पिन कापून टाकण्याचा. तो देणाऱ्याच्या घरी मी आता चहाही घेत नाही.

आमच्या मजल्यावर शेजारी मोजलं, तेच. खाली मोजलं, तेच. म्हणजे गडबड माझ्या फ्लॅटची नव्हती, सगळ्या बिल्डिंगचं अर्थिंग गेलं होतं. सगळ्यांच्या अर्थच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या आणि जमिनीला मात्र जोडलेल्या नाहीत, यात खरा धोका असा की एकाच्या गिझरचं एलिमेंट फुटलं तर सगळ्यांच्या वॉशिंग मशिनच्या अंगावर करंट येऊ शकतो. तोवर प्रत्येकाच्या टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जरची थोडीथोडी गळती त्या वायरीवर जमत होती आणि माझ्या स्पीकरमधून ऐकू येत होती.

हे मी सेक्रेटरींना समजावून सांगितलं. बिल्डिंग १९८०च्या दशकातली, कित्येक घरांत अजून किटकॅट फ्यूज, म्हणजे ते जुने चिनी मातीचे. ते म्हणाले, “आजवर कुणाची तक्रार नाही. तुम्ही लेखी द्या.” दिलं. महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय पटलावर आला तेव्हा खजिनदारांनी विचारलं, “एकाच्या गिटारसाठी सोसायटीने खर्च का करायचा?” आणि विषय पुढच्या मीटिंगला. पुढच्या मीटिंगला कोरम नाही. त्याच्या पुढच्या वेळी लिफ्टची एएमसी आणि कुत्र्यांचा प्रश्न यांतच साडेनऊ वाजले. मी दर वेळी कोपऱ्यात मल्टिमीटर घेऊन बसलेला, आणि लोक माझ्याकडे पुरवठा निरीक्षक आल्यासारखे बघायचे.

तुमच्यावर ही वेळ आली तर अर्जात गिटार हा शब्द चुकूनही लिहू नका. गिटार म्हटलं की ती चैन ठरते. मी अर्ज नव्याने लिहिला. त्यात गिझर, वॉशिंग मशिन, लहान मुलं, आणि अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ याचा उल्लेख. मानकाचा आकडा वाचून खजिनदार जरा दबले. पण खरं काम केलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. मीटिंगमध्ये त्या उठून म्हणाल्या, “माझ्या फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, मला वाटायचं माझंच रक्त कमी झालंय. मी तर लोहाच्या गोळ्या घेतेय!” खोलीत एकदम पाच-सहा जणांना आपापल्या मुंग्या आठवल्या. ठराव मंजूर झाला.

मंजूर झाला म्हणजे तीन कोटेशन मागवायचं ठरलं.

परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आला तेव्हा प्रश्न पडला, अर्थ पिट आहे कुठे? कुणालाच माहीत नाही. जुन्या वॉचमनने जागा दाखवली. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो खड्डा झाकला गेला होता आणि त्यावर आता सेक्रेटरींची स्कूटर उभी असायची. जुना प्रकार असा असतो: जमिनीत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून उन्हाळ्यात पाणी ओतायचं. माती ओली राहिली तरच तो चालतो. आमच्याकडे पाणी ओतायची सोयच फरशीखाली गाडलेली, आणि पिटपासून मीटर बोर्डापर्यंत येणारी पट्टी गंजून तुटलेली.

एवढ्यात पाऊस सुरू झाला आणि कमिटीने काम दिवाळीनंतरवर ढकललं. इथे कॉन्ट्रॅक्टरने एक गोष्ट बरोबर सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात अर्थिंगची मोजणी फसवी चांगली येते, खरी परीक्षा मे महिन्यात. मला मात्र मे महिन्याची काय पर्वा! मी हेडफोन लावून बॅटरीवर वाजवत बसलो. त्या पावसाळ्यात नेकही हलला, तारा उंच झाल्या. ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) फिरवायची वेळ आली तर एका वेळी पाव आटा फिरवा, पुन्हा ट्यून करा, दुसऱ्या दिवशी बघा. एकदम अर्धा-एक आटा आवळणाऱ्यांचे नेक मी पाहिलेत.

काम झालं ते सरळ झालं. नवा खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती केमिकल भरती, मीटर बोर्डापर्यंत नवी पट्टी, आणि वर उघडता येणारं झाकण. सेक्रेटरींची स्कूटर हातभर सरकली. त्याच संध्याकाळी मी न्यूट्रल ते अर्थ मोजलं, एकाच्या खाली. अँप लावला, व्हॉल्यूम पूर्ण वर नेला आणि तारांना हात लावला. फक्त पिकअपची हलकी गुणगुण. मी बायकोला आतून ओढून आणून ती न येणारी घरघर ऐकवली. ती म्हणाली, “काहीच ऐकू येत नाहीये.” मी म्हटलं, तेच तर!

त्या धुंदीत मी माझ्या फ्लॅटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. तुम्हीही घ्या. अर्थिंगचं काम झाल्यावर लगेच घ्या, नाहीतर राहून जातं.

उरलेली गुणगुण जात नाही, तिच्यामागे लागू नका. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि स्वस्त एलईडी बल्बपासून लांब, थोडं कोनात वळून बसलं की ती जवळजवळ विरते. अगदीच नको असेल तर हमबकर बसवा: उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकांच्या दोन कॉइल, एकीतली गुणगुण दुसरीतली खोडते, सूर मात्र दोन्हींचे मिळून वाढतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण मग टेलिकास्टरची ती झणझणीत कड जाते, आणि एवढं सगळं करून ती घालवायला माझं मन होत नाही. त्यापेक्षा पिकअप घेतानाच विक्रेत्याला विचारा की जोडीतला एक उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकांचा आहे का. तसा असेल तर पिकअप निवडायचा स्विच मधे ठेवला की दोघे मिळून घुमणं मारतात. हे मला पिकअप आल्यावर कळलं आणि माझ्या नशिबाने जोडी तशीच निघाली.

आणि हो, मघाशी जोडणीत काही सांगण्यासारखं नाही म्हटलं, पण एक राहिलं. नेकमध्ये स्क्रू घालायच्या आधी स्क्रूच्या दांड्याएवढंच बारीक भोक पाडा आणि आट्यांना कपड्याचा साबण घासा. नेकचं मेपलचं लाकूड फार टणक असतं. कोरडा स्क्रू निम्म्यात तुटला तर उरलेला तुकडा काढायला सुतारही तयार होत नाही.