नमुना आठवर नाव लागेपर्यंत

जानेवारी २०२३ मध्ये पापड, लोणची आणि मसाले तयार करण्याच्या दहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी मी जळगावला गेले, तेव्हा माझ्या लग्नाला अठरा वर्षे झाली होती आणि माहेरपण सोडले तर त्याआधी मी एकही रात्र घराबाहेर काढलेली नव्हती. आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. कापसाची वेचणी संपली की उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे मजुरीने करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत होते. डाळ दुसऱ्याची, खार दुसऱ्याचा, गिऱ्हाईकही दुसऱ्याचेच आणि माझ्या वाट्याला किलोमागे ठरलेले पैसे. आमच्या बचत गटाच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीने, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा अर्ज आणून दिला, त्या दिवशी घरात बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू जाय, पोऱ्यासले मी दखसू." म्हणजे, तू जा, पोरांकडे मी बघते. त्या एका वाक्यामुळे मी जाऊ शकले.

प्रशिक्षण, राहणे आणि जेवण यांसाठी एक रुपयाही लागला नाही. पापड लाटणे मला शिकायचे नव्हतेच. जे शिकायचे होते ते वेगळे होते. एके दिवशी, धंद्यात किती जोखीम घ्यावी हे कळावे म्हणून, खुंटीवर रिंग टाकण्याचा खेळ झाला. अंतर जिचे तिने ठरवायचे, जवळून टाकली तर गुण कमी आणि लांबून टाकली तर जास्त. पहिल्या फेरीत आम्ही बहुतेक जणी खुंटीला लागूनच उभ्या राहिलो. त्यानंतर सरांनी आम्हाला एक किलो पापडाचा खर्च मांडायला लावला आणि डाळ, खार, मिरी, तेल, पिशवी असे सगळे लिहून झाल्यावर विचारले, की तुमच्या हातांची मजुरी कुठे आहे? ती कोणीच लिहिली नव्हती. इतकी वर्षे मजुरीवर जगलेल्या मीदेखील, स्वतःचा धंदा मांडताना, स्वतःची मजुरी शून्य धरली होती. याच वर्गात एका बाईला तिसऱ्या दिवशी परत जावे लागले, कारण तिचे दोन वर्षांचे बाळ सांभाळायला घरी कोणी नव्हते. प्रशिक्षण मोफत ठेवणाऱ्या शासनाने प्रत्येक केंद्रात पाळणाघरही द्यावे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. ती बाई माझ्यापेक्षा हुशार होती.

परत आल्यावर प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेऊन छोटे युनिट टाकायचे मी ठरवले. या योजनेत ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे केवळ ५ टक्के घालावे लागतात. माझा प्रकल्प ४,८०,००० रुपयांचा झाला, म्हणजे माझे २४,००० रुपये आणि अनुदान १,६८,००० रुपये. डाळ दळण्याची चक्की, पीठ मळण्याचे यंत्र, पापडाचे प्रेस यंत्र आणि सुरुवातीच्या मालासाठी खेळते भांडवल, एवढे त्यात बसले. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीसाठी, गावाजवळच्या एका दुकानात माझ्याकडून पाचशे रुपये घेतले गेले. ही नोंदणी पूर्णपणे मोफत असते हे मला नंतर कळले, म्हणून ते इथे मुद्दाम लिहिते. अन्न सुरक्षा नोंदणीचे वर्षाचे शंभर रुपये मात्र तेव्हा भरावेच लागले.

अर्ज भरायला बसले आणि पहिली अडचण उभी राहिली. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि या दोन बाया एकच आहेत हे सांगणारा कागद माझ्याकडे नव्हता, कारण आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. आईने पेटीच्या तळातून लग्नपत्रिका शोधून दिली. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार गोळा केले, उशिराचे शुल्क भरले, तेव्हा ग्रामसेवकांकडून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले.

दुसरी अडचण जागेची होती आणि तिनेच सर्वांत जास्त महिने खाल्ले. ज्या पुढच्या खोलीत युनिट टाकायचे होते, ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे गावातल्या घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावे होती. आधी वारसांची नोंद, त्यासाठी सासूबाई आणि दोन्ही दिरांच्या सह्या, मग मासिक सभेचा ठराव, असे एकामागून एक चालले. एक दीर सुरतला कामाला असतात, त्यांच्या सहीसाठी दिवाळीची वाट पाहावी लागणार होती. ते गणपतीला आले हे माझे नशीब. महाराष्ट्राने महिलांसाठीचे धोरण १९९४ मध्ये, देशात सर्वांत आधी जाहीर केले आणि घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांचीही नावे लावण्याचा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे, हे मला प्रशिक्षणात समजले होते. पण आमच्या गल्लीत एकाही बाईचे नाव नमुना आठवर नव्हते आणि ते मागायचे असते हेही कोणाला माहीत नव्हते. मी यजमानांना विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि अर्जावर सही केली. सप्टेंबरमध्ये आमच्या दोघांच्या नावाचा उतारा हातात आला, तो मी त्या दिवशी तीनदा वाचला.

बँकेत गोष्ट पुन्हा अडली. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून तिथे पोहोचला होता, पण साहेबांनी यजमानांच्या शेताचा सातबारा आणि जामीनदार म्हणून त्यांची सही मागितली. सूक्ष्म उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता आणि कर्ज बुडाल्यास बँकेला हमी देणारी पत हमी योजना त्यासाठीच आहे, हे मी वहीत लिहून घेतलेले होते. मी वाद घातला नाही. एका कागदावर तो नियम लिहिला, तारणाची मागणी असल्यास ती कृपया लेखी द्यावी अशी विनंती केली आणि पोच घेतली. दोन आठवड्यांनी फोन आला आणि नोव्हेंबरमध्ये कर्ज मंजूर झाले. सातबारा पुन्हा कोणी मागितला नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी सक्तीचे असलेले पाच दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण मी मोबाइलवर पूर्ण केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, पापडाचा हंगाम तोंडावर असताना, यंत्रे आली.

अनुदानाची रक्कम लगेच हातात पडत नाही, हे अर्ज करणाऱ्या प्रत्येकीने आधीच समजून घ्यावे. ती बँकेत तीन वर्षांसाठी माझ्या नावाच्या ठेवीत राहते आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळती होते. तोपर्यंत हप्ता चुकवायचा नाही. आता माझ्याकडे गावातल्या चार बाया कामाला येतात आणि खर्चाच्या कागदावर त्यांची मजुरी आधी लिहिली जाते, मग माझी. त्यांच्यापैकी एकीला शिलाईचे युनिट टाकायचे आहे. तिने योजनेचा अर्ज मागितला, तेव्हा मी तो बाजूला ठेवला आणि आधी तिच्या घराचा नमुना आठ काढायला तिच्यासोबत ग्रामपंचायतीत गेले. उताऱ्यावर तिच्या सासऱ्यांचेच नाव निघाले, म्हणून वारस नोंदीचा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला.