शाळेच्या आवारातली पवनचक्की

डेन्मार्कला जाणाऱ्यांच्या यादीत एस्बियर्ग सहसा नसतं. 1864 च्या युद्धात श्लेस्विग-होल्श्टाइन हा दक्षिणेकडचा प्रदेश डेन्मार्कच्या हातचा गेला, पश्चिमेकडे माल पाठवायला स्वतःचं बंदर हवं झालं, म्हणून 1868 मध्ये सरकारने कायदा करून इथे बंदर बांधायला घेतलं. गाव त्यानंतर वसलं. आधी मासळी, मग उत्तर समुद्रातलं तेल आणि वायू, आणि आता वारा. धक्क्यावर पवनचक्क्यांची पाती आडवी मांडून ठेवलेली असतात. एका पात्याला समांतर मी कुंपणाबाहेरून बुडापासून टोकापर्यंत चालत गेलो. समुद्रातल्या आजच्या मोठ्या यंत्रांची पाती शंभर मीटरच्या पुढे गेली आहेत हे वाचलेलं होतं, पण चालून पाहिल्यावर ते अंगावर येतं.

मी इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला शिकवतो. व्यवसाय शिक्षण देणाऱ्या शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात निरीक्षक म्हणून एस्बियर्गला जायला मिळालं. विषय हरित तंत्रज्ञान आणि तांत्रिक कौशल्यं. नाव ऐकून मी जरा सावध होतो, कारण असे प्रकल्प बऱ्याचदा एका पोस्टरवर सुरू होतात आणि दुसऱ्या पोस्टरवर संपतात. युरोपात विद्यापीठातल्या मुलांसाठी इरास्मस योजना 1987 मध्ये आली, व्यवसाय शिक्षणासाठी लिओनार्दो दा विंची योजना 1995 मध्ये. 2014 पासून दोन्ही इरास्मस प्लसच्या एकाच छपराखाली आहेत. त्या पैशातून वेल्डिंग, वायरिंग किंवा हीट पंप शिकणारी पोरं काही आठवडे दुसऱ्या देशातल्या वर्कशॉपमध्ये जाऊन काम करतात. कागदावर एवढंच. खरं काय होतं ते वर्कशॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये एका जुन्या पवनचक्कीचं नासेल, म्हणजे खांबाच्या डोक्यावर बसणारी ती खोली, जमिनीवर आणून ठेवलं होतं. आत गिअरबॉक्स, जनरेटर, ब्रेक, सगळं जागच्या जागी. चार जणांची तुकडी: एक फिनलंडचा, एक जर्मनीचा, एक स्पेनची मुलगी, एक तिथलाच डॅनिश. कोणाचीच इंग्रजी धड नव्हती आणि त्याने काही अडलंही नाही. मास्तरांना पोरं सरळ नावाने हाक मारत होती. माझ्या कानांना ते शेवटपर्यंत खटकत राहिलं, त्यांना अजिबात नाही.

पहिलं काम पुरवठा बंद करण्याचं. स्विच पाडला, त्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप लावलं, किल्ली आपापल्या खिशात. मग मीटर. आधी जिथे करंट आहे हे माहीत आहे तिथे लावून मीटर चालतो का बघायचं, मग बंद केलेल्या जागी लावायचं, मग पुन्हा चालू जागी. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. मीटर मधल्या मधे बिघडला असेल तर ‘शून्य’ वाचून माणूस तारेला हात घालतो. स्पेनच्या मुलीने तिन्ही पायऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणून दाखवला. मास्तर तिच्याकडे बघतही नव्हते, फक्त ऐकत होते.

पुढे बोल्ट. खांबाचे तुकडे एकमेकांना जोडणारे हे बोल्ट मनगटाएवढे जाड असतात. ते हायड्रॉलिक टॉर्क पान्याने आवळायचे, एकानंतर शेजारचा असे नाही तर समोरासमोरचे, म्हणजे जोड एका बाजूला ओढला जात नाही. आवळून झाला की बोल्टवरून खालच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे जोडाच्या कडेपर्यंत, मार्करने एक रेघ ओढायची. पुढच्या तपासणीला ती रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे लांबून कळतं. इतक्या महागड्या यंत्राची पहिली पाहणी मार्करच्या रेघेवरून होते, हे मला फार आवडलं. या पान्याला एक आधाराचा दांडा असतो, तो शेजारच्या बोल्टला टेकतो, आणि पंप सुरू असताना त्या फटीत बोट गेलं तर उरत नाही. फिनलंडच्या पोराने पाना सारखा करायला तिथे हात नेला. मास्तरांनी ओरडा केला नाही. पंपाचं बटण बंद केलं, प्लग काढला आणि तुकडीला पुन्हा कुलपापासून सुरुवात करायला लावली. अर्धा तास गेला. उपदेश शून्य. संध्याकाळी जेवताना तोच पोरगा जर्मन मुलाला दोन काटे घेऊन तो दांडा कसा टेकतो ते समजावत होता.

उंचीवरच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण असतं. 2012 मध्ये पवनऊर्जा उद्योगातल्या कंपन्यांनी मिळून ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था काढली आणि प्राथमिक सुरक्षेचा सामायिक अभ्यासक्रम ठरवला: प्रथमोपचार, आग, ओझं उचलणं, उंची, आणि समुद्रात जाणाऱ्यांसाठी बुडण्यापासून बचाव. पोरांनी हार्नेस घालून एक भरलेला बाहुला दोरीवरून खाली आणला. त्यात पाहण्यापेक्षा घाबरण्यासारखंच जास्त होतं. मी खालीच थांबलो.

तिथल्या मूळ अभ्यासक्रमाची घडण समजून घ्यायला मला जास्त वेळ लागला. सुरुवातीचा भाग शाळेत, प्रत्येकी वीस आठवड्यांचे दोन टप्पे. त्यानंतर मुख्य शिक्षण: कंपनीशी करार करायचा, काही महिने तिथे, काही आठवडे शाळेत, असं आलटून पालटून. इलेक्ट्रिशियन व्हायला साधारण चार वर्षं. करार झाल्यापासून पगार मिळतो. शेवटी कारागिराची परीक्षा असते, तिथे काम करून दाखवावं लागतं. मला खरी गंमत वाटली ती पैशाच्या व्यवस्थेची. सगळे मालक एका निधीत वर्गणी भरतात, शिकाऊ ठेवणारेही आणि न ठेवणारेही, आणि शिकाऊ शाळेत असतो त्या काळातल्या पगाराची भरपाई ठेवणाऱ्याला त्या निधीतून मिळते. म्हणजे दुसऱ्याने तयार केलेला कारागीर फुकटात उचलणाराही त्याच्या शिकण्याचा खर्च थोडा का होईना उचलतो. या एका तरतुदीपुढे हरित शब्द छापलेली सगळी माहितीपत्रकं मला फिकी वाटली.

सुट्टीच्या दिवशी बाकीचे समुद्रकिनाऱ्यावर गेले. मी पूर्वेकडची गाडी धरून वेयेनला उतरलो आणि आस्कोव गाठलं. लहानसं गाव, मोठी झाडं, आणि एक लोकशाळा. डेन्मार्कमध्ये परीक्षा न घेणाऱ्या, तरुणांना राहून शिकवणाऱ्या अशा शाळांची परंपरा 1844 मध्ये रोडिंगला सुरू झाली. 1864 च्या पराभवानंतर रोडिंग प्रशियाकडे, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्याकडे गेलं आणि ती शाळा 1865 मध्ये सरहद्दीच्या अलीकडे आस्कोवला आली. बंदर आणि शाळा, दोन्ही एकाच पराभवातून उभी राहिली.

इथे 1878 मध्ये पॉल ला कूर नावाचा हवामानशास्त्रज्ञ शिक्षक म्हणून आला. 1891 मध्ये त्याने सरकारी मदतीने शाळेजवळ विजेसाठी प्रयोगाची पवनचक्की उभारली. वारा कमीजास्त होणार, मग डायनॅमो एका गतीने फिरवायचा कसा, म्हणून त्याने पट्टा आणि वजनं वापरून एक नियामक बनवला. वारा नसताना काय, याचंही उत्तर त्याने शोधलं: विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवायचा. 1895 ते 1902 या काळात शाळेत या वायूचे दिवे जळले. हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि इमारतींच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या. हरित हायड्रोजनवर हल्ली परिषदा भरतात. त्या भरवणाऱ्यांनी आस्कोवच्या काचा बसवणाऱ्याचीही आठवण ठेवावी, असं माझं मत आहे.

पण मला ला कूर मोठा वाटतो तो वेगळ्याच कामासाठी. त्याने छोट्याशा वातबोगद्यात, म्हणजे मुद्दाम वारा सोडलेल्या नळीत, पाती तपासली, कमी पाती आणि जास्त वेग हे वीजनिर्मितीला बरं हे दाखवलं, आणि तेवढ्यावर न थांबता खेड्यांसाठी वीज कारागीर तयार करायला घेतले. 1904 मध्ये आस्कोवला ते वर्ग सुरू होते. शेतकऱ्यांची पोरं यायची, तारा ओढायला, डायनॅमो सांभाळायला शिकायची आणि आपल्या गावाकडे परत जायची. 1918 पर्यंत देशात सुमारे 120 स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्क्या होत्या, बहुतेक 20 ते 35 किलोवॉटच्या, आणि देशाची साधारण 3 टक्के वीज त्यांतून येत होती. यंत्रं बिघडतात. तीन टक्के टिकले ते बिघडलेलं दुरुस्त करणारा माणूस गावातच होता म्हणून.

त्या वर्गातला एक विद्यार्थी योहानेस यूल. त्याने पुढे 1957 मध्ये गेसरला 200 किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. वादळात गती हाताबाहेर जाऊ लागली की पात्यांची टोकं आपोआप वळून ब्रेक लागायचा. ती 1967 पर्यंत चालली, मग तेल स्वस्त म्हणून बंद पडली. तेल महागल्यावर सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या नासाला ती मोजून पाहायची होती, तेव्हा ती पुन्हा दुरुस्त करून चालवली गेली.

सगळ्यात जास्त उत्सुकता होती ट्विंडची, म्हणजे तिथल्या शाळांनी स्वतः बांधलेल्या पवनचक्कीची. एस्बियर्गहून उत्तरेला जाणारी गाडी लेमवरून जाते, जिथे 1898 मध्ये एका लोहाराने भट्टी टाकली आणि पुढे त्याच घराण्यातून व्हेस्टास ही कंपनी उभी राहिली. मग रिंगकबिंग, मग उल्फबोर्ग. तिथून सपाट माळ आणि समोरून वारा. लाल-पांढऱ्या रंगातली पवनचक्की फार लांबून दिसते. 1975 मध्ये इथल्या शाळांच्या शिक्षकांनी आपल्या पगारातून पैसे घालून ती बांधायला घेतली, विद्यार्थी आणि स्वयंसेवक जोडीला, आणि 1978 मध्ये ती फिरली. खांब 53 मीटर, चक्राचा व्यास 54. आखली होती 2 मेगावॉटसाठी, चालवतात त्याच्या निम्म्याहून कमी क्षमतेवर. मोठे भाग बरेच सेकंडहँड. पाती मात्र त्यांनी स्वतः फायबरग्लासची घडवली, स्टुटगार्टच्या तज्ज्ञांची मदत घेऊन. त्या शाळांच्या चळवळीच्या नेतृत्वावर पुढे आर्थिक गैरव्यवहाराचे खटले चालले, हेही इथे सांगायला हवं. चक्की मात्र अजून फिरते.

तिच्याआधी त्यांनी एक छोटी चक्की केली होती, साडेचार मीटर पात्यांची. तिच्या पात्याचं ज्ञान त्यांनी दडवून ठेवलं नाही. एरिक ग्रोव्ह-निल्सन या तरुणाने तशी पाती करून विकायला काढली, आणि गावोगावच्या लोहार-सुतारांना घरी पवनचक्की बांधताना सगळ्यात अवघड असलेला भाग तयार मिळू लागला. डॅनिश उद्योग तिथून वर आला.

परतीच्या गाडीत प्रकल्पातले एक पोर्तुगीज शिक्षक भेटले. पुढच्या फेरीचा विषय काय घ्यावा यावर आमचं लांबलं. ते सौरऊर्जेच्या बाजूचे होते, मी जुन्या पवनचक्क्या उतरवण्याच्या. समुद्रातला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमध्येच विंडेबीला 1991 मध्ये उभा राहिला, 11 चक्क्यांचा, आणि 2017 मध्ये तो काढून नेला. आता अशी यंत्रं रांगेने म्हातारी होणार. फायबरग्लासचं पातं वितळवून पुन्हा ओतता येत नाही, ते कापावं लागतं, आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. कुठल्या करवतीने, कुठला मास्क घालून, खांबावरून आधी काय सोडवायचं, हे पोरांना कोण शिकवणार? पोर्तुगीज गृहस्थ म्हणाले, पाडकामाच्या प्रकल्पाला कोणी पैसे देणार नाही, पोस्टर चांगलं दिसत नाही. मग त्यांनीच वही काढली आणि करवतींचे प्रकार लिहायला घेतले.