लातूर ते श्टुटगार्ट : मैत्रिणीच्या घरी सव्वीस दिवस

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचा जर्मनीहून रोज फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी आलं का गं?" आम्ही दोघी तेव्हाच्या औरंगाबादेत होस्टेलला एका खोलीत राहिलो. एका बादलीत दोघींची अंघोळ उरकायची सवय तिथलीच. ती मूळची उदगीरची, लग्नानंतर श्टुटगार्टला गेली. "एकदा सगळे या," असं ती पंधरा वर्षं म्हणत होती. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही खरंच गेलो. मी, हे, बारा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

आता गल्लीतल्या, नात्यातल्या बऱ्याच जणांची मुलं जर्मनीत आहेत आणि आईवडील जायला निघाले की मला फोन येतो. म्हणून डायरी काढून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात जास्त वेळ व्हिसाला द्या. मे महिन्यात जायचं तर जानेवारीतच कागद तयार हवेत, कारण सुट्टीच्या आधीच्या तारखा भराभर भरतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आम्ही माणशी ८० युरो फी भरली, जून २०२४ पासून ती ९० झाली आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही, सहा ते बारामधल्यांना निम्मी. आमच्या मुलाला बारा पूर्ण होऊन महिनाच झाला होता, त्यामुळे त्याची पूर्ण भरावी लागली.

ज्यांच्याकडे जायचं त्यांनी नुसतं निमंत्रणपत्र दिलं तरी चालतं, पण खर्चाची जबाबदारी ते घेणार असतील तर त्यांना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र करावं लागतं. त्याला २९ युरो पडतात आणि मूळ प्रत कुरिअरने मागवावी लागते. आत्यांच्या नावावर बँकेत फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांच्यापुरतं मैत्रिणीने ते केलं. आम्हाला एका एजंटाने "झेरॉक्स चालते" असं सांगितलं होतं. ते ऐकून आम्ही पुण्याच्या व्हिसा केंद्रात झेरॉक्स घेऊन गेलो आणि पुन्हा एकदा फेरी पडली. एजंटापेक्षा दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी छापून घ्या आणि एकेका कागदावर खूण करत जा.

आणखी एक, ज्याचा विचार कुणी आधी करत नाही. व्हिसासाठी द्यायचे आत्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं खुरपणी, भांडी, चूल. बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. खिडकीतल्या मुलीने न चिडता सात-आठ वेळा प्रयत्न केला, मग उमटले. घरात शेतात राबलेलं माणूस असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळा. आता ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा ही काळजी दोनदा कामाला येईल.

सामानाचं सांगते. बाहेरच्या देशातून युरोपात दुधाचा आणि मांसाचा कुठलाही पदार्थ नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. मैत्रिणीने वर्षभर कुंथलगिरीच्या पेढ्यांची आठवण काढली होती, तरी नेले नाहीत. ताजी भाजी, कढीपत्ता, आंबेसुद्धा प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सुकं खोबरं तर विमानाच्या मोठ्या सामानात आपल्याकडूनच जाऊ देत नाहीत, त्यातल्या तेलाने पेट घ्यायची भीती असते. जवारीचं पीठ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हळद हे सगळं व्यवस्थित गेलं. पिशव्या घट्ट शिवून प्रत्येकीवर पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. आत्यांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठ दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती, तिला पैसे पडत नाहीत. मोठ्या विमानतळावरचं चालणं म्हणजे आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजाराला दहा फेऱ्या मारण्याइतकं होतं. वयस्कांसाठी ती मागाच.

लातूर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला पोचलो आणि दिवसभर दिराकडे थांबलो. विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. इथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. तिकिटावर ६ तारीख आणि वेळ रात्री दोनची असेल तर विमानतळावर ५ तारखेच्या रात्रीच जायचं असतं. प्रवासात धपाटे होते, ते दोन दिवस उत्तम टिकले. फक्त विमानातून उतरण्याआधी संपवा, कारण पिठात दही घातलेलं असतं.

फ्रँकफुर्टच्या विमानतळाला जोडलेल्या स्टेशनातूनच लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनात मात्र २०१० पासून बांधकाम चालू होतं आणि फलाटापासून बाहेर येईपर्यंत आत्या दमून गेल्या. दाजी, म्हणजे मैत्रिणीचे यजमान, बाहेर उभे होते आणि ती आत धावत आली होती. तिने आधी आत्यांच्या पाया पडून घेतलं, मग माझ्या गळ्यात पडली. आम्हा दोघींनाही बराच वेळ बोलता आलं नाही.

आम्ही शनिवारी पोचलो. शक्यतो तसं करू नका, कारण रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच असतात. काही बेकऱ्या थोडा वेळ उघडतात, आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं. रविवारी ठोकाठोकी करायची नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. मुलांनी तो सगळा कारभार आपल्याकडे घेतला होता. रोख पैसे थोडे जवळ ठेवा, लहान बेकरीत कार्ड चालेलच असं नाही, आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला नाणी लागतात.

फिरण्यासाठी मासिक तिकीट घ्या. आम्ही गेलो त्याच महिन्यात, १ मे २०२३ ला, देशभर लोकल, बस, ट्राम आणि साध्या गाड्यांना चालणारं ४९ युरोंचं तिकीट सुरू झालं होतं. जानेवारी २०२६ पासून त्याचे ६३ युरो झाले आहेत. ते महिन्याच्या १ तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत चालतं, त्यामुळे मुक्काम एकाच महिन्यात बसवला तर एकाच तिकिटात भागतं. दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. स्टेशनात आपल्या मेट्रोसारखा अडवणारा दरवाजा नाही, पण तपासनीस कधीही येतो आणि विनातिकीट माणसाला ६० युरो दंड आहे.

आता घरातलं. सव्वीस दिवस पाच माणसांनी दुसऱ्याच्या घरी राहणं ही लहान गोष्ट नाही, मैत्री कितीही जुनी असो. दाजी आणि ती दोघंही नोकरीला जाणारी. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, दुपारचं जेवण, भांडी आणि किराणा माझ्याकडे. तिने होस्टेलमधल्यासारखं एका कागदावर वाटून लिहिलं आणि फ्रिजला लावलं. त्या भागात केहरवोखं म्हणून जुनी पद्धत आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराला आठवडा ठरलेला असतो, त्या आठवड्यात जिना, दारासमोरची जागा झाडायची. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लटकते. आमच्या मुक्कामात तिची पाटी आली आणि आत्यांनी दुसऱ्या कुणाला झाडूला हात लावू दिला नाही. खालच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या जर्मन आजी दार उघडून बघत उभ्या राहिल्या आणि तिथून त्या दोघींचं जमलं.

त्या आजींच्या गॅलरीत टोमॅटोची रोपं कुंड्यांत तयार होती, पण त्या ती बाहेर ठेवीनात. मैत्रिणीने विचारून सांगितलं, ११ ते १५ मे हे 'बर्फाचे संत' म्हणून मानलेले दिवस, ते उलटल्याशिवाय लावणी करायची नाही, शेवटची थंडी रोप मारते. आत्यांना हे लगेच पटलं. "आपल्याकडं मिरगाच्या आधी पेरत न्हाईत, तसंच हाय की," त्या म्हणाल्या. खरंच त्या आठवड्यात सकाळी इतका गारठा होता की त्या नऊवारीवर दाजींचं जॅकेट घालून बसल्या. लातुरात चाळीसच्या वर पारा सोडून आलो होतो. मे महिना आहे म्हणून स्वेटर ठेवून येऊ नका, आणि म्हाताऱ्या माणसांना पायमोज्यांचे चार जोड घ्या.

सूर्य मावळायला नऊ वाजतात. आत्या दिवेलागणीआधी जेवत नाहीत, म्हणून पहिले तीन दिवस उपाशी बसल्या आणि आम्हाला कळलंच नाही, आम्ही समजलो भूक नाही. मग त्यांनीच घड्याळाप्रमाणे सात वाजता दिवा लावायचं ठरवलं. वयस्कांना नेणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आणि जेवण यांची अशी घडी पहिल्याच दिवशी बसवून द्यावी.

स्वयंपाकघरात काचेची विजेची शेगडी असते, भाकरी निखाऱ्यावर फुगते तशी फुगत नाही. लोखंडी तव्यावरच फडक्याने दाबून शेकली की येते. फोडणी देताना खिडकी उघडा. घरात धूर ओळखणारी भोंग्यासारखी यंत्रं लावणं तिथे सक्तीचं आहे, आणि लाल मिरचीच्या एका फोडणीने आमच्या मुलीला झोपेतून उठवलं होतं. मेमध्ये पांढरी शतावरी (ॲस्परॅगस ही भाजी) बाजारात असते, २४ जूनपर्यंतच. ती लोणी घालून उकडलेली आवर्जून खा. अंडं चालणाऱ्या शाकाहारी माणसांना बाहेर चीज घातलेलं श्पेट्झलं, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, मिळतं, पोट भरतं.

लुडविग्सबुर्गचा राजवाडा, ट्युबिंगेनचं नदीकाठचं जुनं गाव, उल्मच्या चर्चचा १६१ मीटरचा मनोरा, हे सगळं एकेका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. मला सर्वांत आवडलं ते मर्सिडीजचं संग्रहालय (सोमवारी बंद असतं). लिफ्टने वर जायचं आणि १८८६ पासून आजपर्यंत गोल उताराने खाली यायचं. तिथे बेर्टा बेंझची गोष्ट कळते. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेली. तोवर इतक्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. इंधन संपलं तर वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. फोर्झहाइम हे तिचं माहेर. मुलाने हे वाचून सांगितल्यावर आत्या त्या गाडीसमोरच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. "माहेरालाच निघाली व्हती बघ," एवढंच म्हणाल्या.

आणि बोडनझे. मैत्रिणीच्या भागातल्या नळाला या सरोवराचं पाणी येतं, हे तिने आम्हाला पहिल्या दिवशी ग्लास भरून देतानाच सांगितलं होतं. तिथे नळाचं पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. झिपलिंगेन गावाजवळ साठ मीटर खोलीवरून पाणी उचलतात, डोंगरावर चढवतात आणि शंभर किलोमीटरहून लांब नळातून आणतात. १९५४ मध्ये गावांनी आणि शहरांनी मिळून ही व्यवस्था उभारायला घेतली, आज सुमारे ४० लाख लोक ते पाणी पितात. मला ती जागा पाहायचीच होती. सकाळी सातला निघून, गाड्या बदलत, दुपारपर्यंत पोचलो. आत बघण्यासारखं आम्हाला काही दाखवता येणार नव्हतं, आम्ही नुसते काठावर बसलो. लांबवर स्वित्झर्लंडचे डोंगर, पाण्यात तळ दिसत होता. मी मुलांना पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. नळाजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून तेव्हा शहरात जमावबंदी होती. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, त्याला फक्त टँकरमागे धावल्याचं आठवत होतं. लातूरला दुष्काळ पडतो तो पाऊस कमी म्हणून, हे आम्ही ऐकत मोठे झालो. पण मांजरा नदी कोरडी पडेपर्यंत दुसरी सोय कुणी केली नव्हती, हे मला त्या काठावर फार लागलं. मैत्रीण बाजूला बसून होती. ती म्हणाली, २०१६ मध्ये ती इथे अंघोळीला उभी राहिली की नळ लवकर बंद करायची. मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

या सरोवराला जाणार असाल तर मुक्काम करा, एका दिवसात जाऊन येणं म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही. आत्या परतीच्या गाडीत पूर्ण वेळ झोपल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने आत्यांची ओटी भरली. नारळ तमिळ माणसाच्या दुकानातून आणला होता, त्या दुकानात शेवग्याच्या शेंगाही मिळतात. आत्यांनी तिची ओटी उलट भरली, खण लातूरहून नेलेला होता. नारळ विमानात न्यायला नको म्हणून रात्रीच फोडला. पाणी मुलांनी प्यायलं, आणि एक वाटी घेऊन आत्या जिना उतरून खालच्या आजींना देऊन आल्या.