तीन महिने वाटीत राहिलेलं पेट्रोल

तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला १५ दिवस झालेले, फुटी तीन-चार पानांवर, आणि रात्री पाऊस पडून गेला. डावणीला, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, एवढंच पुरतं. सकाळी औषध कालवायच्या आधी फवारणीच्या एचटीपी पंपाचं इंजिन चालू करून बघितलं. चोकवर चालायचं, चोक सोडला की बंद. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

आण्णा कट्ट्यावरूनच म्हणाले, “चोकवर चालतंय म्हंजी पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर खोल.”

खरडछाटणीच्या फवारण्या जुलैत संपल्या, तेव्हापासून पंप शेडमध्ये तसाच होता, पेट्रोलसकट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आमच्याकडच्या उसापासूनही ते बनतं), आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

पेट्रोलचा कॉक बंद करून १०-११ च्या पान्यानं कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीखालचा बोल्ट काढला. तळाला पांढरी भुकटी, कडेनं काकवीसारखा चिकट थर. मेन जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनाला जातं तो तुकडा, काढून उजेडाला धरला तर भोकच दिसेना. लाईटच्या वायरीतला तांब्याचा एकच धागा काढला आणि हळूहळू आरपार केला. इथं सुई किंवा लोखंडी तार अजिबात घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की इंजिन जादा पेट्रोल पितं आणि प्लग काळा पडतो.

जोडलं, चालू झालं, पण एकसारखं चालेना. आवाज वर जायचा, खाली यायचा, परत वर. पुन्हा खोललं. जेटच्या वर पितळेची एक बारीक नळी असते, ती मी काढलीच नव्हती. कार्बोरेटर उलटा धरून पान्याच्या दांड्यानं दोनदा हलकं ठोकल्यावर ती हातात पडली. तिच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यातली निम्मी बुजलेली. तोच धागा, मग सायकलच्या पंपानं हवा. वाटीची रबरी रिंग पेट्रोलनं फुगून खाचेत बसेना. तासभर उन्हात ठेवली तेव्हा आकसली.

सव्वा अकराला पहिली ओळ धरली आणि दुपारपर्यंत अख्खी बाग मारून झाली. इंजिन एकदाही अडखळलं नाही. पंप शेडमध्ये ढकलायच्या आधी कॉक बंद केला आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत तिथंच उभा राहिलो.